नरक (ख्रिस्ती धर्म)

ख्रिस्ती धर्मात नरक म्हणजे देवाला नाकारून, पश्चात्ताप न करता मरण पावलेल्यांना अंतिम न्यायात मिळणारी गती होय. येशू ख्रिस्ताच्या शिकवणुकीत, प्राचीन मतांगीकारांत (विश्वासाच्या अधिकृत घोषणांत) आणि बहुतेक सर्व संप्रदायांच्या सिद्धान्तांत न्याय व दंड यांना स्थान आहे. मात्र नरकाचे स्वरूप, तेथील शिक्षेचा कालावधी आणि तिचे प्रयोजन यांविषयी ख्रिस्ती विचारवंतांत आरंभीच्या शतकांपासून मतभेद आहेत. देव संपूर्ण न्यायी आहे आणि संपूर्ण प्रेमळही आहे, ही दोन्ही विधाने एकत्र धरताना जो पेच उभा राहतो, तो या मतभेदांच्या मुळाशी आहे.

या विषयावरील मते स्थूलमानाने तीन गटांत विभागली जातात. पहिल्या मतानुसार नरकातील शिक्षा जाणिवेसह भोगावी लागणारी व कधीही न संपणारी असते. दुसऱ्या मतानुसार दुर्जनांचे अस्तित्वच अखेरीस नष्ट होते. यास विनाशवाद किंवा सोपाधिक अमरत्ववाद म्हणतात. तिसऱ्या मतानुसार नरक हा शुद्धीचा टप्पा असून अखेरीस सर्वांचे तारण होते. यास सार्वत्रिक तारणवाद म्हणतात.

संज्ञा

बायबलमध्ये नरकासाठी एकच शब्द नाही. हिब्रू भाषेतील ‘शिओल’, ग्रीक भाषेतील ‘हेडीस’, तसेच ‘गेहेन्ना’ आणि ‘टार्टारस’ या वेगवेगळ्या अर्थच्छटांच्या शब्दांसाठी अनेक जुन्या भाषांतरांत सरसकट एकच शब्द वापरला गेला. १६११ सालच्या किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरात ‘शिओल’चे भाषांतर काही ठिकाणी ‘नरक’ आणि जवळपास तितक्याच ठिकाणी ‘कबर’ असे आढळते. प्रचलित मराठी बायबलमध्ये शिओल व हेडीस यांसाठी सामान्यतः ‘अधोलोक’ आणि गेहेन्नासाठी ‘नरक’ हे शब्द योजले आहेत. त्यामुळे मृतांचे निवासस्थान आणि दंडाचे स्थान यांतील भेद मराठी वाचकास तुलनेने स्पष्टपणे दिसतो.

‘नरक’ हा शब्द मराठीत हिंदू, बौद्ध व जैन परंपरांतून आला आहे. या परंपरांत नरकवास कितीही दीर्घ असला तरी सामान्यतः मर्यादित असतो. कर्मफळ भोगून संपल्यावर जीव पुन्हा जन्म घेतो. पारंपरिक ख्रिस्ती नरकात मात्र पुनर्जन्म नाही आणि सुटकाही नाही. शब्द एकच असला तरी या मूलभूत फरकामुळे दोन्ही संकल्पना समानार्थी ठरत नाहीत. ख्रिस्ती धर्मातील ‘शुद्धिस्थान’ ही कल्पना, भोग संपल्यावर सुटका या एका बाबतीत, भारतीय नरककल्पनेला अधिक जवळची आहे.

गोव्यातील कोकणी भाषक ख्रिस्ती समाजात नरकासाठी ‘यमकोंड’ हा शब्द रूढ आहे. जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराण’ या मराठी ओवीबद्ध ग्रंथात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द आढळतो. परलोकविषयक ख्रिस्ती कल्पना सांगताना स्थानिक धर्मपरंपरेतील परिचित शब्द स्वीकारण्याची ही उदाहरणे आहेत.

बायबलमधील उल्लेख

जुना करार

जुन्या कराराच्या प्राचीन भागांत मृत्यूनंतर पाप्यांना शिक्षा देणारे स्थान अशी कल्पना आढळत नाही. ‘शिओल’ हा शब्द सुमारे ६५ वेळा आला असून तो मृतांच्या अंधाऱ्या, निःशब्द लोकाचा वाचक आहे. तेथे सज्जन व दुर्जन दोघेही जातात. उपदेशक व ईयोब या पुस्तकांत या लोकाचे वर्णन कर्म, ज्ञान व आशा संपलेले स्थान असे येते.

मृत्यूनंतरच्या न्यायाची कल्पना पुढे विकसित झाली. यशयाच्या अखेरच्या अध्यायात देवाविरुद्ध बंड करणाऱ्यांच्या प्रेतांना लागलेला न मरणारा किडा आणि न विझणारा अग्नी यांचे चित्र आहे. दानीएलच्या १२व्या अध्यायात मृतांपैकी काहींचे सार्वकालिक जीवनासाठी, तर काहींचे सार्वकालिक अप्रतिष्ठेसाठी उठणे वर्णिले आहे. परकीय सत्तेखाली धर्मनिष्ठ यहुदी लोकांचा छळ झाला आणि त्यांना या जीवनात न्याय मिळाला नाही. त्या पार्श्वभूमीवर पुनरुत्थान व मरणोत्तर न्याय यांवरील विश्वासाला बळ मिळाले, असे अनेक अभ्यासक मानतात.

नवा करार

‘गेहेन्ना’ हे नाव जेरुसलेमच्या दक्षिणेस व नैर्ऋत्येस असलेल्या हिन्नोमाच्या खोऱ्यावरून आले आहे. आहाज व मनश्शे या यहूदाच्या राजांच्या काळात तेथे मुलांचा अग्नीत बळी दिला जात असे. योशीया राजाने ते स्थान भ्रष्ट करून ही प्रथा बंद पाडली आणि यिर्मया संदेष्ट्याने त्या खोऱ्याला संहाराचे खोरे म्हटले. या इतिहासामुळे गेहेन्ना हे दैवी दंडाचे प्रतीक बनले. येशूच्या काळी तेथे शहराचा कचरा सतत जळत असे, ही माहिती अनेक पुस्तकांत दिलेली असते. परंतु तिचा उल्लेख मध्ययुगीन यहुदी भाष्यकार डेव्हिड किम्ही यांच्यापासून म्हणजे सुमारे इ.स. १२०० पासून आढळतो आणि तिला पुरातत्त्वीय पुराव्याचा आधार मिळालेला नाही.

नव्या करारात गेहेन्ना हा शब्द १२ वेळा येतो. त्यांपैकी ११ उल्लेख मत्तय, मार्क व लूक या शुभवर्तमानांत येशूच्या तोंडी आणि एक याकोबाच्या पत्रात आहे. पौलाच्या पत्रांत हा शब्द नाही. तेथे क्रोध, नाश व मृत्यू या शब्दांत दंड सांगितला आहे. नरकाविषयीच्या चर्चेत पुढील उतारे विशेष महत्त्वाचे ठरले आहेत.

मत्तयाच्या २५व्या अध्यायातील मेंढरे व शेरडे यांच्या प्रसंगात भुकेल्यांना अन्न, उघड्यांना वस्त्र व बंदिवानांना सोबत देणारे आणि न देणारे यांची विभागणी होते. येथे नरकात जाण्याचे कारण चुकीचा सिद्धान्त नसून गरजवंताकडे केलेले दुर्लक्ष आहे. लूकच्या १६व्या अध्यायातील श्रीमंत मनुष्य व लाजर यांच्या दृष्टान्तातही तोच सूर आहे. दाराशी पडलेल्या भिकाऱ्याकडे न पाहणारा धनवान अधोलोकात ज्वाळांत तळमळतो आणि दोघांमध्ये ओलांडता न येणारी दरी असते. प्रकटीकरणाच्या २०व्या अध्यायात सैतान, मृत्यू, अधोलोक आणि जीवनाच्या पुस्तकात नाव न सापडलेले लोक अग्नीच्या सरोवरात टाकले जातात. यास ‘दुसरे मरण’ म्हटले आहे.

याउलट, आदामामुळे सर्वांवर आलेला दंड आणि ख्रिस्तामुळे सर्वांना मिळणारे नीतिमत्त्व यांची तुलना करणारा रोमकरांस पत्राचा ५वा अध्याय, अखेरीस देव सर्वांत सर्व होईल असे सांगणारा करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५वा अध्याय आणि सर्वांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा असल्याचे सांगणारे तीमथ्याला पहिले पत्र यांचा आधार सार्वत्रिक तारणवादी घेतात.

ऐतिहासिक विकास

आरंभीची शतके

दुसऱ्या शतकातील ‘पेत्राचे प्रकटीकरण’ या बायबलबाह्य ग्रंथात प्रत्येक पापाला अनुरूप अशा यातनांची सविस्तर वर्णने आहेत. नंतरच्या ख्रिस्ती कल्पनाविश्वावर या प्रकारच्या साहित्याचा मोठा प्रभाव पडला.

याच काळात वेगळी मतेही मांडली गेली. अलेक्झांड्रियाचे विद्वान ओरिजेन (सुमारे १८५–२५४) यांच्या मते देवाची शिक्षा वैद्याच्या उपचारासारखी असते. ती वेदनादायक असली तरी तिचा हेतू रोग बरा करण्याचा असतो. म्हणून अखेरीस सर्व बुद्धिमान जीव देवाकडे परततील, असा त्यांचा तर्क होता. या सर्वांच्या पुनःस्थापनेला ग्रीक भाषेत ‘अपोकाटास्टॅसिस’ म्हणतात. चौथ्या शतकातील न्यासाचे ग्रेगरी यांनीही अशाच स्वरूपाची आशा व्यक्त केली. आफ्रिकेतील लेखक अर्नोबियस यांनी मात्र आत्मा स्वभावतः अमर नसून दुर्जनांचे आत्मे अखेरीस नष्ट होतात, असे मत मांडले.

पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर सर्वाधिक प्रभाव पडला तो संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांचा. ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या २१व्या खंडात त्यांनी नरकशिक्षा अनंत असल्याचा विस्तृत युक्तिवाद केला. मत्तयाच्या एकाच वाक्यात सार्वकालिक जीवन व सार्वकालिक शिक्षा यांसाठी एकच विशेषण आले आहे. म्हणून एकाला अंत मानल्यास दुसऱ्यालाही अंत मानावा लागेल, हा त्यांचा मुद्दा आजही पारंपरिक मताचा मुख्य आधार आहे. आपल्या काळातील अनेक ख्रिस्ती लोक दयेपोटी अनंत शिक्षा मानत नाहीत, असेही ऑगस्टीन यांनी नोंदवले आहे. यावरून हा वाद त्या काळी केवळ विद्वानांपुरता मर्यादित नव्हता, हे दिसते.

सम्राट जस्टिनियन यांनी ५४३ साली ओरिजेनच्या मतांविरुद्ध आज्ञापत्र काढले. ५५३ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या दुसऱ्या धर्मपरिषदेशी ओरिजेनवादाचा धिक्कार करणारी कलमे जोडली जातात. ती परिषदेने अधिकृतपणे संमत केली होती किंवा नाही, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. या घटनांनंतर सार्वत्रिक तारणाचे मत मुख्य प्रवाहाबाहेर गेले. न्यासाचे ग्रेगरी यांना मात्र संतपदाचा मान कायम राहिला.

मध्ययुग

१२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने दुष्टांना सैतानासह निरंतर शिक्षा मिळते, असे घोषित केले. १३३६ साली पोप बेनेडिक्ट बारावे यांनी, घोर पापाच्या अवस्थेत मरणारे लोक अंतिम न्यायाची वाट न पाहता लगेच नरकात जातात, असा सिद्धान्त मांडला.

कँटरबरीचे अन्सेल्म आणि थॉमस अक्वायनस यांनी अनंत शिक्षेला तात्त्विक बैठक दिली. अपराधाची गंभीरता ज्याच्याविरुद्ध तो घडला त्याच्या थोरवीवर ठरते. देव अनंत असल्याने त्याच्याविरुद्धचे पापही अनंत दंडास पात्र ठरते, असा हा युक्तिवाद होता. अक्वायनस यांच्या परंपरेत नरकयातनांचे दोन प्रकार मानले जातात. देवदर्शनाला कायमचे मुकणे ही ‘वियोगाची शिक्षा’ आणि अग्नी इत्यादींमुळे होणारी ‘इंद्रियांची शिक्षा’. त्यांपैकी पहिली अधिक दारुण समजली जाते.

स्वर्ग व नरक यांमधील शुद्धिस्थानाची (पर्गेटरी) कल्पनाही याच काळात स्पष्ट झाली. देवाच्या कृपेत मरण पावलेले, पण पूर्ण शुद्ध न झालेले आत्मे तेथे काही काळ शुद्ध होतात आणि नंतर स्वर्गात जातात. फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, एक स्वतंत्र स्थान म्हणून शुद्धिस्थानाची कल्पना १२व्या शतकाच्या उत्तरार्धात आकारास आली. नरक व शुद्धिस्थान यांतील मुख्य फरक यातनांचा नसून आशेचा आहे.

धर्मसुधारणा आणि नंतरचा काळ

शुद्धिस्थानातील शिक्षेत सूट देणाऱ्या क्षमापत्रांच्या विक्रीवरून मार्टिन ल्यूथर यांनी १५१७ साली आक्षेप घेतले. प्रोटेस्टंट संप्रदायांनी पुढे शुद्धिस्थान नाकारले. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली ते पुन्हा प्रतिपादिले. नरकाबाबत मात्र प्रोटेस्टंट सुधारकांनी पारंपरिक मत कायम ठेवले. १५३० सालच्या ऑग्सबर्ग मतांगीकारात शिक्षेला अंत आहे असे मानणाऱ्यांचा निषेध आहे. इंग्लंडच्या चर्चच्या १५५३ सालच्या ४२ कलमांतही सार्वत्रिक तारणाचा निषेध होता; नंतरच्या ३९ कलमांतून तो वगळला गेला.

शुद्धिस्थान नाकारल्याने प्रोटेस्टंट विचारात मृत्यूनंतर स्वर्ग किंवा नरक हे दोनच पर्याय उरले आणि नरकाचा प्रश्न अधिक टोकदार झाला. अमेरिकेत जोनाथन एडवर्ड्स यांनी ८ जुलै १७४१ रोजी एनफिल्ड येथे दिलेले संतप्त देवाच्या हातांतील पाप्यांविषयीचे प्रवचन हे नरकाच्या भयातून पश्चात्तापाकडे नेणाऱ्या उपदेशाचे प्रसिद्ध उदाहरण मानले जाते.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हा वाद न्यायालयापर्यंत गेला. एफ. डी. मॉरिस यांना ‘सार्वकालिक’ या शब्दाचा अर्थ अंतहीन काळ असा होत नाही, या मतामुळे १८५३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील प्राध्यापकपद गमवावे लागले. १८६० सालच्या ‘निबंध आणि परीक्षणे’ या संग्रहातील लेखनावरून एच. बी. विल्सन यांच्यावर खटला चालला. दुष्टांनाही अखेर क्षमा मिळेल अशी आशा व्यक्त करणे चर्चच्या अधिकृत कलमांविरुद्ध नाही, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीने १८६४ साली दिला. त्याविरुद्ध काढलेल्या घोषणापत्रावर सुमारे ११,००० धर्मगुरूंनी सह्या केल्या.

१८७७ साली एफ. डब्ल्यू. फरार यांनी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये ‘सार्वकालिक आशा’ या विषयावर दिलेल्या प्रवचनांनी हा वाद पुन्हा पेटला. फरार यांचा जन्म १८३१ साली मुंबईत एका मिशनरी कुटुंबात झाला होता. कोणाचेही भवितव्य मृत्यूक्षणी कायमचे ठरते असे मानण्यास त्यांनी नकार दिला. तथापि सर्वांचे तारण निश्चित आहे, असाही दावा त्यांनी केला नाही. ऑक्सफर्डचे ई. बी. प्यूझी यांनी १८८० साली ग्रंथरूपाने त्यांना उत्तर दिले.

प्रमुख मते

अनंत शिक्षेचे मत

हे ख्रिस्ती धर्मातील बहुमान्य मत आहे. त्याचे समर्थक येशूच्या शब्दांतील स्पष्टता, मतांगीकारांची परंपरा आणि पापाची गंभीरता यांवर भर देतात. आधुनिक समर्थकांपैकी अनेक जण अग्नी व किडे यांना शब्दशः न घेता देवाच्या वियोगाची प्रतीके मानतात. काहींच्या मते नरकवासी तेथेही पाप करीतच राहतात. त्यामुळे अनंत शिक्षा मर्यादित पापासाठी नसून अखंड चालणाऱ्या पापासाठी असते.

विनाशवाद

या मतानुसार अमरत्व हा मानवी आत्म्याचा अंगभूत गुण नसून ख्रिस्ताद्वारे मिळणारी देणगी आहे. ज्यांना ती मिळत नाही त्यांचा शेवट नाशात होतो. बायबलमधील नाश, मृत्यू व भस्म होणे हे शब्द सरळ अर्थाने घ्यावेत आणि आत्म्याच्या अमरत्वाची कल्पना ग्रीक तत्त्वज्ञानातून आली आहे, असे विनाशवादी म्हणतात. त्यांच्या मते शिक्षेचा परिणाम सार्वकालिक असतो, शिक्षा भोगण्याची क्रिया नव्हे. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट संप्रदायाची ही अधिकृत भूमिका आहे. यहोवाचे साक्षीदारही यातनामय नरक नाकारतात. एडवर्ड फज यांचा १९८२ सालचा ग्रंथ आणि इंग्लंडमधील प्रतिष्ठित सुवार्तावादी धर्मगुरू जॉन स्टॉट यांनी १९८८ साली या मताकडे दर्शवलेला कल यांमुळे सुवार्तावादी वर्तुळात त्यावर गंभीर चर्चा सुरू झाली.

सार्वत्रिक तारणवाद

देवाचे प्रेम अखेरीस प्रत्येक जीवाचा विरोध जिंकेल, असे हे मत सांगते. बहुतेक सार्वत्रिक तारणवादी नरकाचे अस्तित्व नाकारत नाहीत. ते त्याला अंतिम मानत नाहीत. मत्तयातील ‘शिक्षा’ या अर्थाचा ‘कोलॅसिस’ हा ग्रीक शब्द ॲरिस्टॉटलने भोगणाऱ्याच्या हितासाठी असलेल्या दंडाला योजला असून सूडासाठी वेगळा शब्द वापरला आहे, याकडे ते लक्ष वेधतात. तसेच ‘आयोनिओस’ हे विशेषण ‘युग’ या अर्थाच्या नामापासून झाले असल्याने त्याचा अर्थ ‘येणाऱ्या युगातील’ असा घेता येतो, असे ते म्हणतात. नव्या कराराच्या काळापर्यंत पहिला भेद पुसट झाला होता आणि दुसऱ्या शब्दाचा प्रचलित अर्थ ‘अनंत’ असाच होता, असे प्रतिपक्षाचे उत्तर आहे.

विसाव्या शतकात स्विस कॅथलिक ईश्वरविज्ञानवेत्ते हान्स उर्स फॉन बाल्थासार यांनी मध्यम भूमिका घेतली. सर्वांचे तारण होईलच असे ठामपणे म्हणता येत नाही. परंतु तशी आशा बाळगणे व तशी प्रार्थना करणे हे ख्रिस्ती व्यक्तीचे कर्तव्य आहे, असे त्यांनी म्हटले. ऑर्थोडॉक्स विचारवंत डेव्हिड बेंटली हार्ट यांनी २०१९ सालच्या ग्रंथात याहून पुढे जाऊन सार्वत्रिक तारण हेच ख्रिस्ती श्रद्धेशी सुसंगत असल्याचे प्रतिपादन केले.

नरकाचे प्रयोजन

नरक कशासाठी आहे, या प्रश्नाला दिलेली उत्तरे वरील मतांशी जोडलेली असली तरी ती स्वतंत्रपणे समजून घ्यावी लागतात.

प्रतिफलाच्या दृष्टीने नरक हा अपराधाचा योग्य मोबदला आहे. पृथ्वीवर अनेक अत्याचारी शिक्षेविना सुटतात आणि त्यांचे बळी न्यायाविना मरतात; अंतिम न्याय नसेल तर चांगले व वाईट यांतील भेदच निरर्थक ठरेल, असे या पक्षाचे म्हणणे आहे. या दृष्टीने नरकाची शिकवण पीडितांना दिलेले आश्वासन ठरते.

धाकाच्या दृष्टीने नरकाची जाणीव माणसाला पापापासून परावृत्त करते. इतिहासकार डी. पी. वॉकर यांनी ‘नरकाचा ऱ्हास’ या १९६४ सालच्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, सतराव्या शतकातील काही विचारवंतांना खासगीत अनंत शिक्षेविषयी शंका होती; परंतु सामान्य जनांचा धाक सुटेल या भीतीने त्यांनी ती उघडपणे मांडणे टाळले.

सुधारणेच्या दृष्टीने शिक्षेचा हेतू पाप्याला शुद्ध करणे हा असतो. हा ओरिजेनचा मार्ग होय. त्यावर घेतला जाणारा आक्षेप असा की, शिक्षेने अखेर सर्वांना वळवायचे असेल तर मानवाच्या नकाराला खरे स्वातंत्र्य उरत नाही.

स्वातंत्र्याच्या दृष्टीने नरक ही देवाने बाहेरून लादलेली शिक्षा नसून मानवाने केलेल्या निवडीचा परिणाम आहे. देव कोणावरही स्वतःचे प्रेम लादत नाही. म्हणून त्याला नाकारण्याची शक्यता खुली राहिली पाहिजे. सी. एस. लुईस यांच्या ‘द ग्रेट डिव्होर्स’ (१९४५) या कथेत नरकातील रहिवासी स्वर्गाच्या उंबरठ्यापर्यंत जातात आणि त्यांपैकी बहुतेक जण आपला अहंकार किंवा गाऱ्हाणे सोडवत नाही म्हणून परत फिरतात. पूर्ण जाणतेपणी कोणी कायमचे दुःख निवडू शकतो का, हा या दृष्टिकोनापुढील मुख्य प्रश्न आहे.

संप्रदायांच्या भूमिका

रोमन कॅथलिक चर्च नरकाचे अस्तित्व व त्याची अनंतता मानते. १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथानुसार देवापासून कायमचा वियोग ही नरकातील मुख्य शिक्षा असून देव कोणालाही नरकासाठी आधीच नेमून ठेवत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २८ जुलै १९९९ रोजीच्या प्रवचनात नरक हे स्थानापेक्षा देवापासून स्वतःला तोडून घेतलेल्यांची अवस्था असल्याचे स्पष्ट केले. अमुक एक मनुष्य नरकात आहे असे चर्च जाहीर करत नाही. संतांबाबत मात्र ते स्वर्गात असल्याची घोषणा केली जाते. मृतांसाठी प्रार्थनेचा दिवस २ नोव्हेंबर हा असून गोवा व वसई येथील कॅथलिक समाज त्या दिवशी दफनभूमीत प्रार्थना करतो. ही प्रार्थना शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी असते.

पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत स्वर्ग व नरक यांना देवाच्या एकाच प्रेमाचे दोन अनुभव मानणारा विचारप्रवाह आहे. सातव्या शतकातील निनवेचे इसहाक यांच्या मते नरकातील जीवांना प्रेमाविरुद्ध केलेल्या अपराधाची वेदना जाळत असते. जो प्रकाश प्रेमळांना आनंद देतो, तोच द्वेष्ट्यांना दाहक वाटतो.

प्रोटेस्टंट संप्रदायांत एकवाक्यता नाही. सुधारित व सुवार्तावादी मंडळ्या सामान्यतः अनंत शिक्षा मानतात. इंग्लंडच्या चर्चच्या सिद्धान्त आयोगाने १९९५ सालच्या अहवालात नरकाचे वर्णन संपूर्ण अनस्तित्वाकडे नेणारी, देवाविरुद्धची अंतिम निवड असे केले. अमेरिकेतील युनिव्हर्सलिस्ट चर्च सार्वत्रिक तारणाच्या मतावरच उभे राहिले होते. ते १९६१ साली युनिटेरियन संघटनेशी एकत्र आले.

सुवार्ता न ऐकलेल्यांचा प्रश्न

ख्रिस्ताचे नाव कधीही न ऐकलेल्यांचे काय होते, हा प्रश्न धर्मप्रसाराच्या क्षेत्रात विशेष तीव्रतेने उभा राहिला. संत फ्रान्सिस झेवियर, ज्यांचे पार्थिव जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिकात आहे, ते १५४९ ते १५५१ या काळात जपानमध्ये होते. नरकात गेलेल्या पूर्वजांसाठी काहीही करता येत नाही हे ऐकून तेथील नवख्रिस्ती लोक रडू लागत, असे त्यांनी जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात नमूद केले आहे. स्वतः झेवियर यांनाही त्या दुःखाने व्यथित केले. दक्षिण आफ्रिकेतील नाताळचे बिशप जॉन कोलेन्सो यांनी झुलू लोकांमध्ये काम करताना अनंत शिक्षेचे मत सोडले आणि १८६१ साली रोमकरांस पत्रावरील भाष्यात तसे जाहीर केले.

बाप्तिस्म्यापूर्वी मरण पावलेल्या बालकांविषयीही असाच पेच होता. ऑगस्टीन यांच्या मते त्यांना अत्यंत सौम्य अशी का होईना, शिक्षा होते. मध्ययुगीन विचारवंतांनी त्यांच्यासाठी ‘लिंबो’ या यातनारहित पण देवदर्शनरहित अवस्थेची कल्पना केली. ती कधीही बंधनकारक सिद्धान्त नव्हती. २००७ साली कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविज्ञान आयोगाने या बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ कारणे असल्याचे म्हटले. त्यापूर्वी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालच्या ‘लुमेन जेन्शियम’ या दस्तऐवजात, स्वतःच्या दोषाविना सुवार्तेपासून दूर राहिलेले, पण सदसद्विवेकानुसार देवाचा शोध घेणारे लोक तारण पावू शकतात, असे मान्य केले होते.

साहित्य व कला

इटालियन कवी दान्ते यांच्या चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या ‘दिव्य कॉमेडी’ या महाकाव्यातील नऊ वर्तुळांच्या नरकाने युरोपीय कल्पनाविश्व घडवले. त्यात शिक्षा पापाचेच रूप धारण करते. तळाशी असलेला सैतान अग्नीत नसून बर्फात गोठलेला आहे. जॉन मिल्टन यांच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ (१६६७) या काव्यात नरक हा सैतानाच्या अंतःकरणातही वसतो. मायकेलअँजेलो यांनी सिस्टिन चॅपेलमध्ये १५३६ ते १५४१ या काळात रंगवलेले ‘अंतिम न्याय’ हे भित्तिचित्र आणि हिएरोनिमस बॉश यांची चित्रे प्रसिद्ध आहेत. जेम्स जॉइस यांच्या १९१६ सालच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीत नरकावरील प्रवचनाने शाळकरी मुलाच्या मनात निर्माण झालेल्या भयाचे चित्रण आहे.

टीका

मर्यादित आयुष्यातील अपराधांसाठी अमर्याद शिक्षा देणे प्रमाणशून्य आहे, हा अनंत शिक्षेवरील सर्वांत जुना आक्षेप होय. चार्ल्स डार्विन यांनी आत्मचरित्रात या शिकवणीचा तीव्र निषेध केला. तिच्यानुसार आपले वडील, भाऊ व जवळचे मित्र शिक्षेस पात्र ठरतात, हे त्यांचे कारण होते. तो मजकूर पत्नी एमा यांच्या इच्छेनुसार प्रथम वगळण्यात आला आणि १९५८ सालच्या आवृत्तीत पुन्हा समाविष्ट झाला. बर्ट्रांड रसेल यांनी १९२७ सालच्या व्याख्यानात नरकावरील विश्वास हा येशूच्या नैतिक शिकवणीतील दोष असल्याचे म्हटले.

ख्रिस्ती तत्त्वज्ञांनीही हा प्रश्न आतून तपासला आहे. जोनाथन क्वानव्हिग यांनी १९९३ साली ‘नरकाची समस्या’ या ग्रंथात शिक्षाप्रधान कल्पनेऐवजी निवडीवर आधारित कल्पना मांडली. मॅरिलिन मॅककॉर्ड ॲडम्स यांच्या मते माणसाची समज व स्वातंत्र्य इतके अपुरे आहेत की, अनंत परिणामांची जबाबदारी त्याच्यावर टाकणे न्याय्य ठरत नाही. पारंपरिक मताचे समर्थक यावर असे उत्तर देतात की, पापाचे गांभीर्य मोजण्याची पात्रता पापात गुंतलेल्या माणसाकडे नसते आणि ज्या धर्मात देव स्वतः वधस्तंभावर दुःख भोगतो, तेथे न्याय व दया यांना परस्परांपासून वेगळे करून पाहता येत नाही.